आत राहायचं की बाहेर?

उभा जन्म तुळजापुरात गेलेल्या माणसाला मुक्कामाच्या बाबतीत कुणी शिकवू नये. विशीत असताना मी महाद्वाराच्या बाजूच्या एका लॉजच्या काउंटरवर बसायचो. येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला, देवळाजवळ खोली आहे का? जवळ राहिलं तर पहाटेच्या अभिषेकाला उठून पळता येतं, पण गलका असतो आणि पाण्याची मारामार. लांब राहिलं तर ऐसपैस, पण म्हाताऱ्या माणसाला त्या पायऱ्या दोनदा चढणं होत नाही. माणूस बघायचा आणि सांगायचं. ही विद्या मी तिथं शिकलो.

पुढं सहलींचं दुकान काढलं आणि तीस वर्षं चालवलं. आता ते लेक बघते, मी नुसता खुर्ची अडवून बसतो. सुरुवातीला देवाच्याच सहली असायच्या. मग सगळ्यांच्या हातात मोबाईल आले, पोरांनी पाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्या बघितल्या, आणि शेतकरी घरंसुद्धा सुगी उरकली की म्हणायला लागली, आप्पा, त्या पार्कला न्या. दहा तासांच्या प्रवासावर, घाट उतरल्यावर असलेलं ते मोठं पार्क. नाव लिहीत नाही, त्याचा ह्यात काही दोष नाही.

तिथंही प्रश्न तोच, फक्त देव बदलला. पार्काच्या आवारातच एक हॉटेल आहे. तिथं उतरलात तर खोलीतून निघालं की पाच मिनिटांत पाळण्याखाली. दुपारी दमलात तर खोलीवर येऊन पडा, संध्याकाळी परत जा. पण एका खोलीत दोन मोठे आणि एक लहान, बाहेरचं खाणं चालत नाही, आणि ओलं लुगडं गॅलरीत वाळत घातलं की लगेच खालून फोन येतो. बाहेर उतरलात तर आख्खा मजला आपला. मी माझा आचारी न्यायचो, सकाळी पिठलं-भाकरी, रात्री काळ्या मसाल्याची आमटी. बायका एका हॉलमध्ये, बापये एका हॉलमध्ये, दोऱ्या बांधून कपडे वाळत. फक्त एक अडचण. सकाळी एकदा आत गेलं की संध्याकाळपर्यंत आतच राहायचं. मध्येच फाटकाबाहेर आलात तर त्या दिवसाचं तिकीट संपलं. हॉटेलवाल्यांना मात्र मनगटात पट्टा बांधतात, ते कितीदाही ये-जा करतात.

आमच्याकडची माणसं बहुधा बाहेरच खूश असत. उमरग्याकडच्या एका पाटलांना मी हौसेनं आत ठेवलं होतं, तर ते सकाळी सातला खाली येऊन मॅनेजरला विचारू लागले की चुलीवरचं पाणी कुठं मिळतं. दुसऱ्या एका बाईंनी ठेच्याची बरणी उशीच्या अभ्र्यात घालून आत नेली आणि जाताना अभ्राच परत देईनात, कारण त्याला तेल लागलं होतं. असल्या गोष्टींवर मी वर्षानुवर्षं बाहेरचा मुक्काम विकला. विकला म्हणजे फसवून नाही. त्या माणसांना तेच बरं होतं.

मग माझा साडू ह्या धंद्यात आला.

दिगंबर, माझ्या मेहुणीचा, कमलचा नवरा. मूळचा जळकोटचा, हायवेवर टायरचं दुकान होतं. सहलीचा त्याला काडीचा अनुभव नाही. त्यानं धाराशिवात काचेचं ऑफिस टाकलं, एसी लावला, आणि पार्कातल्या त्या हॉटेलच्या सुट्टीतल्या खोल्या आधीच धरून ठेवायला सुरुवात केली. म्हणजे आमच्या जिल्ह्यातून कुणाला आत राहायचं असेल तर वाट दिगंबरच्या ऑफिसातून. मी तीस वर्षं बसच्या टपावर बोचकी चढवली, आणि हा गडी काचेमागं बसून म्हणणार, सर, लेक व्ह्यू पाहिजे का?

खरं सांगतो, मी जळलो. नुसता जळलो नाही, त्यासाठी वेळ काढून जळलो. पित्ताच्या गोळ्या आणायच्या म्हणून मी दर आठवड्याला एसटीनं धाराशिवला जायचो आणि त्याच्या ऑफिससमोरून चालत जायचो. काचेवर फिल्म होती, आतलं दिसायचं नाही. पण गिऱ्हाईकं चपला दाराबाहेर काढायची. मी चपला मोजायचो. सहा जोड असले तर पित्त कमी, पंधरा असले तर रात्रभर करपट ढेकर. मालन, माझी बायको, एकदा म्हणालीच, पित्ताच्या गोळ्या तुळजापुरात मिळायच्या बंद झाल्या व्हय?

त्यात कमल बहिणीला फोनवर फोटो पाठवायची. हॉटेलच्या पलंगावर टॉवेलचा हंस. पांढरा, मानेला बाक, शेजारी दोन चॉकलेटं. मालननं तो फोटो मला तीन वेळा दाखवला. मी पुढच्या सहलीला लॉजच्या खोलीत दार लावून अर्धा तास खपलो आणि टॉवेलचा हंस केला. लॉजचे टॉवेल विटके, मान काही उभी राहीना, ती मी भिंतीला टेकवली. ज्यांच्यासाठी केला ते म्हातारबाबा आले, त्यांनी हंस उचलला, पाय पुसले आणि म्हणाले, टॉवेल चुरगळलेला दिलाय की ओ. मालनला हे मी आजवर सांगितलेलं नाही.

असं माझं चाललेलं असताना तेरचं एक घर माझ्याकडं आलं. बळीराम, त्याची बायको सुनीता, धाकटा भाऊ आणि त्याचं बिऱ्हाड, आणि बळीरामची आई सोनाबाई. सगळे मिळून अकरा. सोनाबाई देवीच्या आराधी, गळ्यात कवड्यांची माळ. दर मंगळवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायचा आणि त्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. दर पुनवेला त्या तुळजापूरला येत आणि जाताना माझ्या दुकानात पाणी पिऊन जात. माझ्यावर विश्वास होता. ते इथं सांगून ठेवतो.

सहल ठरत होती ती बळीरामच्या लेकीसाठी. वैशू नाव, नऊ वर्षांची. हृदयाला छिद्र होतं, सोलापुरात ऑपरेशन झालं होतं. दवाखान्यात पडल्या पडल्या तिनं मोबाईलवर त्या पार्कातली संध्याकाळची मिरवणूक बघितली होती. दिव्यांचे रथ निघतात, मोर असतो, हत्ती असतो, माणसं उंच पायांवर नाचत जातात. तीच एक चित्रफीत तिनं किती वेळा बघितली ह्याला गणती नव्हती. डॉक्टरांनी जायला परवानगी दिली होती, पण दोन अटींवर. मोठ्या पाळण्यात बसायचं नाही आणि दुपारी दोन तास झोपवायचं. पाळण्यांचं तिला काही नव्हतं. तिला मिरवणूक बघायची होती.

बळीरामनं विचारलं, आप्पा, आत राहायचं की बाहेर?

विशीतल्या मला विचारलं असतं तर मी क्षणात सांगितलं असतं. दुपारी झोपवायची पोर आहे, आत राहा. ह्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. पण आत म्हणजे दिगंबर. माझ्या डोळ्यासमोर त्याच्या दाराबाहेर अकरा जोड चपला आल्या. मी चहा मागवला, जरा वेळ काढला आणि सोनाबाईंकडं वळून म्हणालो, मावशी, सोमवार-मंगळवारची सहल आहे. आतल्या हॉटेलात सगळी दारं बंद असतात, सिक्युरिटी असते, मंगळवारी जोगवा कुठं मागणार तुम्ही? बाहेर आमच्या लॉजशेजारी गाव आहे, पाच घरं सहज मिळतील.

सोनाबाईंनी बळीरामकडं बघितलं. नेम मोडायचा प्रश्न आल्यावर त्या घरात कोण काय बोलणार? सुनीतानं हळूच विचारलं, पण पोरीच्या झोपेचं? मी म्हणालो, आत सावलीत बाकडी असतात, लवंडंल की. देवीचं नाव पुढं करून मी खोटं बोललो, तेही तुळजापुरात बसून.

सोमवारी सकाळी मंडळी आत गेली, मी बाहेर थांबलो. अशा सहलीत मी फाटकापाशी मोकळी झालेली बस धरून बसतो, ही माझी पद्धत. दीड वाजता फोन आला. वैशूला दम लागत होता, ओठ सुकले होते. बाकड्यांवर माणसं बसलेली, जिथं सावली होती तिथं गाणी मोठ्यानं लागलेली. सुनीता आणि बळीराम तिला घेऊन बाहेर आले. फाटकावरच्या माणसानं सौजन्यानं सांगितलं की आता परत येता येणार नाही. बळीराम म्हणाला, ठीकाय. पोरीला त्यांनी बसच्या मागच्या लांब बाकावर झोपवलं आणि मी पडदे ओढले. ती लगेच झोपली, श्वास नीट झाला, काळजीचं कारण उरलं नाही. मी तिकीटखिडकीवर जाऊन हातापाया पडलो. नियम तो नियम. समोरून दिगंबरची गिऱ्हाईकं मनगटं दाखवत आत-बाहेर करत होती, एकाच्या हातात आईस्क्रीम होतं.

संध्याकाळी भिंतीपलीकडं ढोल वाजायला लागले. वैशू उठून बसली होती. तिनं रडारड केली नाही, केली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती म्हणाली, "बाबा, वाजतंय."

बळीरामनं तिला खांद्यावर घेतलं आणि भिंतीजवळ नेलं. भिंत उंच. वर नुसता निळा-तांबडा उजेड हलत होता. बळीराम पुन्हा पुन्हा विचारत होता, दिसतंय का गं? आणि ती वरून सांगत होती, "दिसतंय. थोडं थोडं दिसतंय." त्याच्या खांद्याची उंची मला ठाऊक होती आणि भिंतीचीही. मी बसमध्ये जाऊन बसलो.

मंगळवारी सकाळी सोनाबाई सातलाच अंघोळ करून, कपाळाला मळवट भरून, परडी घेऊन लॉजबाहेर पडल्या. मी गॅलरीतून बघत होतो. लॉजशेजारी गाव आहे असं मी म्हणालो होतो. गाव होतं, पण हायवे ओलांडून, पुलापलीकडं, चांगलं दोन किलोमीटर. लॉजच्या दोन्ही अंगाला गोदामं आणि टायरची दुकानं, सगळ्यांची शटरं खाली. सोनाबाई एका टोकापर्यंत गेल्या, दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या, हायवेच्या कडेला उभ्या राहून गाड्या बघितल्या आणि परत आल्या. परडी रिकामी. मला बघून थांबल्या आणि आत गेल्या. नाश्त्याला बसल्या नाहीत. कुणी आग्रह केला नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं.

मी रिक्षा केली आणि फाटकं उघडायच्या आत पार्कातल्या हॉटेलात गेलो. सुट्टीत दिगंबर गिऱ्हाईकांबरोबर तिथंच मुक्कामाला असायचा. आयुष्यात मी त्याच्याकडं काही मागितलं नव्हतं. लग्नातसुद्धा जेवायला त्याच्या पंगतीला बसायचं टाळलं होतं. तो खाली गिऱ्हाईकांच्या याद्या बघत होता. मी सांगितलं, एक पोर आहे, ऑपरेशन झालेली, दुपारपुरती एक खोली पाहिजे. सगळ्या खोल्या भरलेल्या आहेत हे मला माहीत आहे, तरी पाहिजे.

"दिगंबरराव, मागतोय मी."

तो म्हणाला, "आप्पा, मागताय काय. माझी खोली घ्या. मी कुठंही पडंन." खिशातलं कार्ड काढलं, माझ्या हातात दिलं आणि काउंटरवर जाऊन त्यांच्याशी बोलून वैशू, तिची आजी आणि मी अशा तिघांना पट्टे बांधून घेतले. वर मला विचारलं, चहा झाला का? मला तेव्हा वाटलं, एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. टोमण्याला मला उत्तर देता आलं असतं.

दुपारी वैशू त्या खोलीत झोपली. सुनीताला मी म्हणालो, तू जा, जरा हिंडून ये, आम्ही दोघं आहोत. पलंगावर टॉवेलचा हंस होता. वैशूनं तो मोडू दिला नाही, उशाशी घेऊन झोपली. मी खुर्चीत. सोनाबाई खाली बसलेल्या, उपाशी, मांडीवर परडी. थोड्या वेळानं त्या उठल्या, दार उघडलं आणि बाहेर गेल्या.

मी दाराच्या फटीतून बघितलं. लांबलचक व्हरांडा, दोन्ही बाजूला बंद दारं. सोनाबाईंनी पहिलं दार ठोठावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आई राजा उदो उदो." ते घर सोलापूरचं निघालं. बाई आतून मुठीनं चिवडा घेऊन आली, परडीत घातला, पाया पडली. दुसऱ्या दारातल्या गुजराती बाईला काही कळलं नाही, पण म्हातारी दारात आहे एवढं कळलं, तिनं दोन थेपले दिले. तिसऱ्या दारात नवं लग्न झालेलं जोडपं, त्यांनी बिस्किटांचा पुडा घातला. पुढची दोन दारं उघडलीच नाहीत. सोनाबाई रागावल्या नाहीत, पुढं गेल्या. खोल्या झाडणारी एक बाई ढकलगाडी घेऊन उभी होती, बीडकडची असावी. तिनं कवड्यांची माळ बघितली, गाडीतल्या साखरेच्या चार पुड्या परडीत ठेवल्या आणि डोकं टेकवलं. तिचं तिथं कुठलं घर, पण सोनाबाईंनी ते चौथं धरलं. सिक्युरिटीवाला कोपऱ्यात उभा होता. त्यानं तोंड दुसरीकडं केलं.

चार घरं झाली. मी दार लोटून पटकन खुर्चीत येऊन बसलो. आणि दार वाजलं.

मी उघडलं. सोनाबाई उभ्या. "आई राजा उदो उदो," म्हणाल्या आणि परडी माझ्यापुढं धरली.

मी खिसे चाचपले. खोलीत नजर फिरवली. चॉकलेटं वैशूनं खाल्ली होती. मी म्हणालो, मावशी, माझ्याकडं आत्ता काहीच न्हाय.

"पीठ नगंच मला," त्या म्हणाल्या. "आत पाच दारं हुती. भायेर येक न्हवतं. तुमी इतकी वर्सं ह्या गावाला येताय, तुमाला ठावं नसंल व्हय? खरं काय ते घाला, आप्पा. त्येवडाच जोगवा."

परडी तशीच धरलेली. मी म्हणालो, "मला ठाऊक होतं, मावशी. पोरीला आतच बरं होतं. आत म्हटलं असतं तर तुम्ही दिगंबरकडं गेला असता. मला ते बघवलं नसतं. माझं पोट दुखतं त्याच्यावर. म्हणून देवीचं नाव घेतलं."

सोनाबाईंनी परडी कपाळाला लावली. "भरली," म्हणाल्या, आणि मान वळवून बाजूला बघितलं. तेव्हा मला दिसलं की व्हरांड्यात दोन पावलांवर दिगंबर उभा आहे. हातात झाकलेलं ताट, पोरीसाठी वरण-भात. किती वेळ उभा होता देव जाणे. सगळं ऐकलं होतं, एवढं त्याच्या तोंडावरून कळत होतं. तो आत आला, ताट टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "मीठ कमी घालाय लावलंय, आप्पा. पोरीला चालंल ना?" मी म्हणालो, चालंल. तो गेला. सोनाबाईंनी तिथंच खाली बसून थेपल्याचा तुकडा मोडला.

संध्याकाळी वैशू पुढच्या दोरीपाशी, फरसबंदीवर मांडी घालून बसली होती. मोर आला, हत्ती आला, उंच पायांचा माणूस तिच्यापुढं वाकला आणि तिच्याशी हात मिळवून गेला. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत, डोळे मिटायलाही तयार नव्हती. सगळं गेल्यावर ती माझ्याकडं वळली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आप्पा, काल कायबी दिसलं न्हवतं. बाबाला सांगू नका."

मी सांगितलं नाही. हे ज्या अंकात छापून येतंय तो बळीराम वाचणार नाही असं धरून चालतो.

पुढच्या सुट्टीत दिगंबरचा फोन आला. म्हणाला, तेरची मंडळी ऑफिसात बसलीत, आत राहायचं म्हणतात. माणसं तुमची आहेत, बुकिंग तुमच्या नावानं करतो. मी म्हणालो, माझ्या नावानं नको, तुझ्याच नावानं कर, आणि खोल्या खालच्या मजल्यावर दे, मावशींचे गुडघे धरतात. फोन ठेवला आणि पित्ताची गोळी घेतली. सत्पुरुष वगैरे झालो नाही मी. अकरा जोड चपला त्या दाराबाहेर आहेत, हे दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

आता दुकानात कुणी विचारलं, आत की बाहेर, तर मी आधी विचारतो, दुपारी झोपणारं कोण आहे घरात? असलं तर धाराशिवचा पत्ता देतो. लेक म्हणते, बाबा, तुम्ही आपलंच गिऱ्हाईक घालवता. घालवतो.

मालन आणि कमल रोज तासभर फोनवर बोलतात. कुणाच्या भाजीत किती तिखट पडलं हेसुद्धा एकमेकींना सांगतात. दिगंबरनं मनात आणलं असतं तर एका वाक्यात मला दोन्ही घरांत तोंड दाखवायला जागा ठेवली नसती. त्याच्या जागी मी असतो तर त्याच संध्याकाळी सांगितलं असतं, आणि प्रत्येक लग्नात पुन्हा सांगितलं असतं. त्यानं अजून एक अक्षर काढलेलं नाही. मालनला हे सगळं आता ह्या अंकात वाचूनच कळेल. त्याचं काचेचं ऑफिस, त्याच्या धरलेल्या खोल्या, तो मेला हंस, ह्यांचं मला आता फारसं वाटत नाही. पण ते त्याचं गप्प राहणं आठवलं की अजून पोटात आग पडते, कारण ते मला जमलं नसतं.